पहिलं गिटार पेडल घरी बनवायचंय? मग सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी पार्ट्सची यादी समजून घ्या

१९६१ साली अमेरिकेत मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी' हे गाणं गाजलं. नॅशव्हिलच्या स्टुडिओत ते रेकॉर्ड होत असताना मिक्सिंग कन्सोलमध्ये बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिनने वाजवलेल्या बेसचा आवाज फाटका, घरघरता येऊ लागला. तो टेक फेकून न देता गाण्यात तसाच ठेवला गेला. लोकांना तो आवाज आवडला. मग साउंड इंजिनियर ग्लेन स्नॉडी यांनी तोच बिघाड मुद्दाम घडवून आणणारं ट्रान्झिस्टरचं सर्किट तयार केलं. १९६२ मध्ये ते 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आलं. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये कीथ रिचर्ड्सने ते वापरलं आणि पेडल हा प्रकार जगभर पोचला.

या गोष्टीत एक मुद्दा लपलेला आहे. गिटार पेडल म्हणजे काही मोठं गूढ यंत्र नाही. १९६६ साली लंडनमध्ये आलेलं आणि जिमी हेंड्रिक्समुळे गाजलेलं 'फझ फेस' उघडलं, तर आत २ ट्रान्झिस्टर, ४ रेझिस्टर, ३ कपॅसिटर आणि २ पॉट एवढाच ऐवज सापडतो. म्हणूनच घरी पेडल बनवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तयार ब्रँडेड पेडलसाठी हजारो रुपये मोजायचे की तेच सर्किट स्वतः जोडायचं, असा हिशेब कॉलेजात बँड चालवणारी पोरं करतातच.

पण पहिलं पेडल अनेकदा चालत नाही. आणि त्याचं कारण बहुतेक वेळा सर्किट चुकीचं असतं असं नाही, तर दुकानातून आणलेला एखादा पार्ट चुकीचा असतो. १०४ ऐवजी १०३ चा कपॅसिटर, उलट्या पायांचा ट्रान्झिस्टर, राउटरचा ॲडॉप्टर. पहिल्या प्रयत्नात आवाजच आला नाही, की डबा माळ्यावर जातो आणि छंद तिथेच संपतो. म्हणून पार्ट्स निवडताना काय पाहायचं, ते नीट समजून घेऊया.

आधी सर्किट ठरवा, मग बाजारात जा

पहिल्यांदाच डिले किंवा कोरसच्या मागे लागू नये. त्यात खास चिप लागतात, पार्ट्स पन्नासच्या पुढे जातात आणि एक जोड चुकला तरी शोधणं अवघड होतं.

पहिल्या पेडलसाठी सगळ्यात सोयीचं सर्किट म्हणजे बूस्टर. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'एलपीबी-१' नावाचा बूस्टर आणला. त्यात एकच ट्रान्झिस्टर आहे. गिटारचा सिग्नल तो कित्येक पटींनी मोठा करतो आणि पुढच्या ॲम्प्लिफायरला ढकलून आवाज फाटायला लावतो. सर्किट इतकं साधं आहे की त्याची पूर्ण यादी चार ओळींत मावते :

- रेझिस्टर : ४३० किलो-ओहम, ४३ किलो-ओहम, १० किलो-ओहम, ३९० ओहम
- कपॅसिटर : ०.१ मायक्रोफॅरॅडचे २
- ट्रान्झिस्टर : १ (सिलिकॉन, एनपीएन)
- व्हॉल्यूमसाठी पॉट : १०० किलो-ओहम

याशिवाय डबा, २ जॅक, फुटस्विच, एलईडी आणि बॅटरी किंवा ॲडॉप्टरची सोय. बस, झालं पेडल. आता एकेक पार्ट पाहू.

रेझिस्टर : ४३ मिळाला नाही तर?

रेझिस्टर पाव वॅटचे, मेटल फिल्म, १ टक्का टॉलरन्सचे घ्यावेत. जुन्या कार्बन प्रकारापेक्षा त्यांचा 'हिस्स' असा आवाज कमी असतो आणि किमतीत फारसा फरक पडत नाही. अर्धा किंवा एक वॅटचे घेतले तरी चालतात, पण ते आकाराने मोठे असतात आणि छोट्या बोर्डवर अडचण होते.

खरी अडचण दुसरीच येते. ४३ आणि ४३० हे आकडे अनेक दुकानांत मिळत नाहीत. कारण लहान दुकानदार ठरावीक १२ आकड्यांच्या मालिकेतला माल ठेवतात आणि त्यात ३९ व ४७ असतात, ४३ नसतो. मग काय करायचं? दोन्ही बदलायचे. ४३ च्या जागी ४७ किलो-ओहम आणि ४३० च्या जागी ४७० किलो-ओहम.

हे कसं चालतं? हे दोन रेझिस्टर मिळून ९ व्होल्टची वाटणी करतात आणि ट्रान्झिस्टरच्या बेसला साधारण ०.८ व्होल्ट देतात. ही वाटणी दोघांच्या गुणोत्तरावर ठरते. ४३ आणि ४३० चं गुणोत्तर १ला १०, ४७ आणि ४७० चंही तेच. म्हणून सर्किट जसंच्या तसं चालतं. मात्र यातला एकच बदलून चालणार नाही. 'जवळपासचा दिला आहे' असं दुकानदार म्हणाला तर कुठला रेझिस्टर कुठल्या कामाचा आहे, हे माहीत असणं इथे उपयोगी पडतं.

१० किलो-ओहम आणि ३९० ओहम या जोडीवर बूस्ट किती मिळणार ते ठरतं. १०,००० भागिले ३९०, म्हणजे कागदावर साधारण २५ पट. प्रत्यक्षात थोडं कमी मिळतं. ३९० ओहम मागितल्यावर चुकून ३९० किलो-ओहम हातात आला, तर पेडल जवळपास मुकं होईल. १ टक्कावाल्या रेझिस्टरवर ५ पट्ट्या असतात आणि निळ्या रंगावर तपकिरी की लाल, हे ट्यूबलाइटखाली ओळखू येत नाही. त्यामुळे रंग वाचत बसण्यापेक्षा प्रत्येक रेझिस्टर बोर्डवर लावण्याआधी मल्टीमीटरने मोजावा.

कपॅसिटर : एका आकड्याचा फरक आणि बेस गायब

जुने रेडिओ दुरुस्तीवाले याला कंडेन्सर म्हणतात आणि काही दुकानांत आजही हाच शब्द चालतो. छोट्या कपॅसिटरवर किंमत पूर्ण लिहिलेली नसते, तीन आकडी कोड असतो. १०४ म्हणजे १० वर ४ शून्य, तेही पिकोफॅरॅडमध्ये. म्हणजेच ०.१ मायक्रोफॅरॅड. १०३ म्हणजे त्याच्या एक दशांश, ०.०१ मायक्रोफॅरॅड.

आता हा फरक कानाला कसा जाणवतो ते पाहा. इनपुटचा कपॅसिटर हा चाळणीसारखा असतो. तो ठरावीक पट्टीखालचे खर्जातले सूर अडवतो. या सर्किटमध्ये १०४ लावला तर ही पट्टी साधारण ५० हर्ट्झच्या आसपास येते. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर ८२ हर्ट्झचा, म्हणजे तो सुखरूप पलीकडे जातो. १०३ लावला तर पट्टी थेट ५०० हर्ट्झच्या घरात जाते. आवाज येतो, पण पातळ, टिनच्या डब्यात वाजल्यासारखा. बिचारा नवशिक्या ट्रान्झिस्टर बदलतो, गिटारची वायर बदलतो आणि दोष मात्र एका आकड्यात असतो.

गंमत म्हणजे सगळ्यांनाच तो दोष वाटत नाही. सोलो वाजवताना तीक्ष्ण आवाज हवा असेल तर मुद्दाम लहान कपॅसिटर लावतात आणि त्यालाच ट्रेबल बूस्टर म्हणतात.

सिग्नलच्या वाटेवर शक्यतो फिल्म प्रकारचा म्हणजेच पॉलिएस्टर कपॅसिटर घ्यावा. चौकोनी, रंगीत डबीसारखा दिसतो तो. चपट्या गोल सिरॅमिक कपॅसिटरनेही पेडल चालेल, पण त्यातले काही प्रकार डब्याला धक्का लागला की 'टक्' असा आवाज सिग्नलमध्ये सोडतात. पायाने दाबायच्या वस्तूत ते बरं नाही.

मूळ यादीत नसलेला एक मोठा कपॅसिटर आपल्याकडून जोडावा. १०० मायक्रोफॅरॅडचा इलेक्ट्रोलिटिक, पॉवरच्या प्लस आणि मायनसमध्ये. ॲडॉप्टरची गुणगुण तो बरीच कमी करतो. हा २५ व्होल्टचा घ्यावा. सर्किट ९ व्होल्टचं असलं तरी चुकून कुणी १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लावला तर कपॅसिटर टिकला पाहिजे. याच्या अंगावर एका बाजूला पट्टा असतो, तो पाय मायनस. उलटा लावला तर तो गरम होऊन फुगू किंवा फुटू शकतो.

ट्रान्झिस्टर : नाव बदललं की पाय बदलतात

परदेशी आराखड्यांमध्ये या जागी बहुतेक वेळा २एन५०८८ लिहिलेला असतो. आपल्याकडे तो प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही. पण बीसी५४७ गल्लीतल्या दुकानातही मिळतो आणि किंमत चहापेक्षा कमी. तो चालतो का? चालतो, पण दोन गोष्टी सांभाळून.

पहिली गोष्ट, पायांचा क्रम. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे असतात. २एन५०८८ चे त्याच बाजूने एमिटर, बेस, कलेक्टर. म्हणजे बरोबर उलटे. आराखडा २एन५०८८ चा आणि हातात बीसी५४७ असेल, तर तो अर्धा फेरा फिरवून लावायचा. पहिलं पेडल न चालण्यामागे हे कारण फार वेळा सापडतं.

दुसरी गोष्ट, शेवटचं अक्षर. बीसी५४७ च्या मागे ए, बी किंवा सी असतं. ते त्याची करंट वाढवण्याची ताकद सांगतं. ए गटात ही ताकद साधारण ११० ते २२०, बी मध्ये २०० ते ४५०, तर सी मध्ये ४२० ते ८००. या सर्किटला बी किंवा सी घ्यावा. ए गटातला कमजोर नग आला तर ट्रान्झिस्टर मधोमध उभा राहत नाही, एका बाजूला झुकतो आणि आवाज वेडावाकडा कापला जातो. आवाजातली खरखर आणखी कमी हवी असेल तर याच घराण्यातला बीसी५४९सी पाहावा.

आणि जर्मेनियम ट्रान्झिस्टर? साठच्या दशकातल्या आवाजामुळे त्यांच्याभोवती मोठं वलय आहे. पण त्यांचं वागणं तापमानानुसार बदलतं, प्रत्येक नग वेगळा निघतो, त्यातून करंट गळतो आणि ते मोजून निवडावे लागतात. शिवाय महाग, आणि बाजारात बनावट माल भरपूर. पहिल्या पेडलसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पॉट : ए आणि बी मधला फरक

पॉटवर ए१००के किंवा बी१००के असं लिहिलेलं असतं. हल्लीच्या बहुतेक पॉटवर ए म्हणजे लॉगरिदमिक आणि बी म्हणजे लिनियर. माणसाचा कान आवाजाची वाढ सरळ रेषेत ऐकत नाही, म्हणून व्हॉल्यूमसाठी ए घ्यावा. बी लावला तर पेडल बंद पडत नाही, पण नॉब थोडा फिरवताच आवाज एकदम उसळतो आणि पुढच्या अर्ध्या फेऱ्यात काहीच घडल्यासारखं वाटत नाही. १६ मिलिमीटर अंगाचा पॉट छोट्या डब्यात नीट बसतो. दांड्याला नॉब बसतो का, ते दुकानातच लावून पाहावं.

पैसे कुठे खर्च करायचे?

या यादीतले इलेक्ट्रॉनिक पार्ट्स सगळ्यात स्वस्त असतात. खरा खर्च होतो तो फुटस्विच, जॅक आणि डब्यावर. आणि कंजुषी करू नये ती नेमकी तिथेच, कारण सगळा मार याच तिघांना बसतो.

फुटस्विच : नऊ पायांचा थ्रीपीडीटी स्विच मागावा. त्यात एकाच दाबात तीन वेगळे स्विच बदलतात. दोन सिग्नलची वाट बदलतात, तिसरा एलईडी लावतो. पेडल बंद असताना गिटारचा सिग्नल सर्किटला न शिवता सरळ बाहेर जातो, यालाच ट्रू बायपास म्हणतात. स्विच 'लॅचिंग' प्रकारचा हवा, म्हणजे एकदा दाबला की तसाच राहणारा. हात सोडला की परत येणारा नको. आणि बोटाने दाबायचा साधा पुश स्विच पायाखाली फार दिवस टिकणार नाही.

जॅक : ६.३५ मिलिमीटरचे. आपल्या बाजारात त्याला पी-३८ असंही म्हणतात. दोन्ही मोनो घेऊ नयेत. बॅटरी वापरायची असेल तर इनपुटचा जॅक स्टिरिओ घ्यावा. त्याच्या मधल्या कड्याला बॅटरीचा मायनस जोडतात. गिटारची वायर घातली की बॅटरी सुरू, काढली की बंद. वेगळं बटण लागत नाही.

डबा : ॲल्युमिनियमचा ओतीव डबा उत्तम. धातूचा डबा सर्किटच्या ग्राउंडला जोडलेला असला की बाहेरची घूंऽऽ अशी गुणगुण आत येत नाही. प्लास्टिकचा डबा वापरायचा झाल्यास आतून धातूची फॉइल चिकटवून ती ग्राउंडला जोडावी लागते. ॲल्युमिनियम साध्या ड्रिलने भोकलं जातं, स्टीलच्या डब्यात भोक पाडणं मात्र कष्टाचं. फुटस्विचला साधारण १२ मिलिमीटरचं, जॅकला १० चं आणि १६ मिलिमीटरच्या पॉटला ७ चं भोक लागतं. तरी पार्ट हातात आल्यावर मोजूनच ड्रिल लावावं.

ॲडॉप्टर : इथे चूक झाली तर पार्ट जळतो

गिटार पेडलच्या जगात एक उलटा रिवाज आहे. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतात, पण पिनच्या मधल्या भागात मायनस आणि बाहेरच्या कड्याला प्लस. घरातल्या वायफाय राउटरचा ॲडॉप्टर मात्र बहुधा १२ व्होल्टचा आणि मध्ये प्लस असलेला असतो. पिन तीच, आत बसतेही झकास. आणि मग करंट उलटा वाहतो.

यावर उपाय स्वस्त आहे. पॉवरच्या प्लस वायरमध्ये १एन५८१७ हा शॉटकी डायोड लावावा. करंट उलटा आला तर तो वाटच अडवतो. बदल्यात साधारण ०.३ व्होल्ट खातो, पण आवाजात त्याचा फरक जाणवत नाही.

दुसरा सापळा डीसी जॅकमध्ये आहे. धातूच्या अंगाचा जॅक धातूच्या डब्यात बसवला, तर बाहेरचं कडं डब्याला चिकटतं. पेडलमध्ये बाहेरच्या कड्याला प्लस आणि डबा तर ग्राउंड. म्हणजे थेट शॉर्ट. म्हणून डीसी जॅक प्लास्टिकच्या अंगाचाच घ्यावा.

एलईडीसोबत ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर लावावा. हे बूस्टर सर्किट जेमतेम अर्धा मिलिअँपिअर करंट घेतं, तर एलईडी एकटा त्याच्या तिप्पट घेतो. बॅटरी लवकर संपत असेल तर दोष ट्रान्झिस्टरचा नाही, दिव्याचा.

खरेदी कुठे आणि कशी?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळचा डॉ. भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर. रेझिस्टर, कपॅसिटर, बीसी५४७, झीरो पीसीबी, वायर, सोल्डर हे सगळं अशा बाजारांत सहज मिळतं. इतर शहरांत कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पार्ट्स विकणारी दुकानं असतात, तिथेही बराचसा माल मिळतो. थ्रीपीडीटी फुटस्विच आणि पेडलचा डबा मात्र अनेकदा ऑनलाइनच मागवावा लागतो. म्हणून ते आधी मागवावेत, नाहीतर तयार सर्किट डब्याची वाट पाहत पडून राहतं.

दुकानात 'गिटार पेडलचे पार्ट्स द्या' म्हणून उपयोग नाही. कागदावर नेमकी किंमत, वॅट, व्होल्ट आणि नग लिहून न्यावेत. रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर ५ ते १० नग घ्यावेत. सोल्डर करताना एखादा जळतो, एखादा हरवतो आणि ५ रुपयांच्या पार्टसाठी पुन्हा लोकल पकडणं परवडत नाही.

यादीत आणखी एक रेझिस्टर घालावा, १ मेगा-ओहमचा. तो इनपुट आणि ग्राउंडच्या मध्ये, कपॅसिटरच्या आधी लागतो. फुटस्विच दाबल्यावर स्पीकरमधून येणारा 'फट्' असा आवाज त्याने कमी होतो.

सोल्डर करण्याआधी ही परीक्षा

सगळे पार्ट्स आधी ब्रेडबोर्डवर जोडावेत आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावून मल्टीमीटरने कलेक्टरवरचा व्होल्टेज मोजावा. ४ ते ६ व्होल्टच्या दरम्यान आला तर ट्रान्झिस्टर नीट उभा आहे. ९ च्या जवळ आला तर पाय उलटे आहेत किंवा बेसला व्होल्टेज पोचत नाही. शून्याजवळ आला तर ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा पडलाय, म्हणजे ४३ आणि ४३० किलो-ओहमवाल्या रेझिस्टरची अदलाबदल झाली आहे का ते पाहावं.

ही मोजणी बरोबर आली की मगच २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न हातात घ्यावं. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, त्यामुळे खिडकी उघडी ठेवावी आणि काम झालं की हात साबणाने धुवावेत. पहिल्यांदा आवाज ऐकताना व्हॉल्यूम शून्यावरून हळूहळू वर न्यावा. सिग्नल २० पटींच्या आसपास वाढणार आहे, त्यामुळे हेडफोन लावून तर सुरुवात करूच नये.

अपेक्षाही नीट ठेवाव्यात. या बूस्टरची खरी मजा व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरसमोर येते. घरातल्या छोट्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरवर आवाज मोठा होतो, पण फाटतो तेव्हा जरा कर्कश वाटतो. तिथे व्हॉल्यूम मध्यावर ठेवून, पुढच्या डिस्टॉर्शन पेडलला ढकलायला हा बूस्टर जास्त कामी येतो. आणि ९ व्होल्टच्या पेडलवर हात बसला म्हणून व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर उघडायला जाऊ नये. त्यात काहीशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ कपॅसिटरमध्ये तग धरून राहतात.

बूस्टर चालला की पुढची पायरी सोपी होते. डबा तसाच, जॅक तसेच, स्विचची जोडणीही तीच. फक्त बोर्ड बदलायचा. उरलेल्या बीसी५४७ मधले दोन घेऊन सिलिकॉनचं फझ फेस ब्रेडबोर्डवर उभं करता येतं. त्यासाठी नवीन लागतात ते मोजके रेझिस्टर, कपॅसिटर आणि दोन पॉट. म्हणूनच पहिल्या खेपेला डबा, जॅक आणि स्विच जरा चांगले घेतलेले पुढेही कामी येतात.